कणकेतली नावं

इस्लामपूर
६ मार्च २०२५

चि. शांतवन यास,

सलाम. 'सप्रेम' लिहायचं राहिलेलं नाही, मुद्दाम लिहिलेलं नाही.

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, अक्का आजारी पडली की काय. मला काही झालेलं नाही. गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत आहे, आणि गुडघ्यांना कारण तू नाहीस, म्हणून ते सोडून देऊ. फोनवर मी तुला ब्लॉक केलंय आणि ते तसंच राहणार आहे. रोज सकाळी सहाला गुलाबाच्या फुलावर छापलेलं वचन बघून माझी भक्ती वाढत नाही, रक्तदाब वाढतो.

हे पत्रही मी आपणहून लिहीत नाहीये. आमच्या देवळात नवे पाळक आलेत, आशिष रणपिसे. तुझ्या पायलपेक्षा फार तर दोन वर्षांनी मोठे. गेल्या रविवारी प्रभुभोजनाचं ताट मागच्या बाकावर आलं आणि मी नेहमीसारखं ते पुढं सरकवलं, ते त्यांनी पुलपिटावरून पाहिलं. संध्याकाळी घरी आले. दोन बशा पोहे खाल्ले, चहा घेतला आणि मग हळूच विचारलं, "अक्का, भाकर तुम्ही करता. मग खात का नाही?"

मी म्हटलं, आमच्या आईची शिकवण आहे. ज्याचं भावाशी धड नाही त्यानं प्रभूच्या ताटाला हात लावू नये.

"भाऊ कुठं असतात?"

"कोयनानगरला."

"म्हणजे एसटीनं तीन तास. चार वर्षांत तीन तास मिळाले नाहीत?"

पोहे घालून वर हे ऐकून घ्यायचं. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली, भल्याभल्या डॉक्टरांना मी गप्प बसवलंय, पण या पोरापुढं मी कपबशा उचलून आत निघून गेले. शेवटी त्यांनी निकाल दिला. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी, १७ एप्रिलला, मोठं प्रभुभोजन आहे. तोवर तुझ्याशी समेटाचा खरा प्रयत्न करायचा. नाही केला तर भाकरीचं काम दुसऱ्या घराला द्यायचं. जी स्वतः खात नाही तिनं किती दिवस वाढायचं, असं त्यांचं म्हणणं. बाळासो पंचांची सून सोनिया तर टपूनच बसली आहे. ती म्हणते, बेकरीतून स्लाइस ब्रेड आणू, कडा कापू, झालं.

साठ वर्षं ती भाकर आपल्या घरातून जाते, शांतवन. आधी आई करायची, मग मी. ती बेकरीच्या पिशवीतून आलेली मला बघायची नाही. आणि खरं सांगायचं तर आता ताट पुढं सरकवायचाही कंटाळा आलाय.

माझं प्रभुभोजन तुझ्या त्या व्हिडिओपासून सुटलं, हे तुला ठाऊक असेलच. तेव्हा उलट टपाली एवढंच लिही, 'अक्का, माझं चुकलं.' तीन शब्द आहेत, पोस्टकार्डावर मावतात. मी ते पाळकांना दाखवीन आणि विषय संपेल.

तुझी अक्का


१७ मार्च

चि. शांतवन यास,

सलाम. तुझं पाकीट मिळालं. मी वेडी, कात्री घेऊन कडेनं नीट कापून उघडलं. आत काय, तर छापील पत्रिका. 'आज मेलात तर उद्या कुठं असाल?' आणि वर तुझ्या हातानं, 'अक्का वाच.'

वाचली. आज मेले तर उद्या इस्लामपुरातल्या आपल्या दफनभूमीत असेन, आईच्या शेजारी. जागा ठरलेली आहे. त्यापुढचं प्रभू बघेल, त्याला तुझ्या छापखान्याची मदत लागणार नाही.

तीन शब्द मागितले होते रे. तेवढे सोडून आठ पानं पाठवलीस.

मग आता माझंही ऐक. तू तीन महिन्यांचा होतास तेव्हा आईनं तुला स्वतःच्या लग्नाच्या लुगड्यात गुंडाळून देवळात नेलं. लोंढे पाळक तेव्हा अगदी तरुण, त्यांनी तुझ्या कपाळाला पाणी लावलं आणि तू त्यांच्या पांढऱ्या झग्याची वाट लावलीस. त्या पाण्याचं पितळी भांडं माझ्या हातात होतं. सहा वर्षांची होते मी. सांडू नये म्हणून श्वास रोखून उभी होते. आणि पंचावन्नाव्या वर्षी तू पांढरे कपडे घालून कोयना नदीत बुडी मारून आलास आणि भर सभेत म्हणालास, हाच माझा पहिला बाप्तिस्मा. मग मी काय धरून उभी होते? नळाचं पाणी?

बरं, एकटा गेलास तर गेलास. आमच्यातली नऊ घरं बरोबर नेलीस. कोणी पाटणला, कोणी कराडला राहतं, त्यांना तुझी प्रार्थनेची पत्र्याची शेड जवळ पडते हे मला कळतं. पण जाताना त्यांनी आमच्याकडं असं पाहिलं, जसं काही आम्हीच देवाला सोडून निघालो होतो.

तेही मी गिळलं असतं. पण आईला जाऊन सहा महिने होत नाहीत तोच तू कराडच्या सभेत माईक हातात घेऊन साक्ष दिलीस, "माझी आय साठ वर्सं देवळात गेली, पर तिला तारण कळलं न्हाई." कोणीतरी त्याचा व्हिडिओ मला पाठवला. मी तो तीनदा पाहिला. दर वेळी वाटलं, पुढं तरी काही बरं बोलेल.

तारण कळलं नाही म्हणे. शनिवारी दुपारी आई कणीक मळायला बसायची ते तुला आठवतं का? मीठ नाही, तेल नाही, नुसतं पीठ आणि पाणी. आणि तोंडानं मंडळीतल्या एकेका घराचं नाव. एक नाव घ्यायची, कणीक एकदा उलटायची. "प्रभू, नाथाजीच्या पोराची नोकरी बघ. प्रभू, बाळासोची जीभ आवर." सगळी घरं झाल्याशिवाय कणीक मळून झाली असं ती मानायची नाही. एखादं घर राहिलं तर म्हणायची, "त्येंचा घास कच्चा राहील." अशा बाईला तारण कळलं नाही, आणि तुला नदीत एका बुडीत कळलं!

मी आता थांबते.

अक्का


२६ मार्च

चि. शांतवन यास,

सलाम. या वेळी तू स्वतःच्या हातानं पत्र लिहिलंस, त्याबद्दल आभार. चारच ओळी असल्या तरी पत्रिकेपेक्षा बऱ्या.

तू लिहितोस, 'व्हिडिओचं मी बोलेन, पण आधी तू सांग. आईच्या मातीला मला प्रार्थना करू दिली नाही, ते कोणी ठरवलं? लोंढे पाळकांनी, का आणखी कोणी?'

हे बघ, तो काळ कसा होता ते तुला माहीत आहे. तू मंडळी सोडलेली होतीस. नियम असतात. सभासद नसलेल्यानं कबरीवर प्रार्थना चालवायची नाही, असा आपल्याकडं जुना ठराव आहे. लोंढे पाळक आता प्रभूत गेले. गेलेल्या माणसाला मध्ये ओढू नये. त्या दिवशी माणसं फार होती, ऊन होतं, मला स्वतःला कशाची शुद्ध नव्हती. चार वर्षांनी हे उकरून काढून काय मिळणार आहे?

मी माझ्या प्रश्नाचं उत्तर मागते आणि तू उलट प्रश्न विचारतोस. लहानपणापासून तुझी हीच खोड.

पायलच्या परीक्षेचं कळव. रजनीला सांग, गुडघ्यावर तिनं पाठवलेलं तेल संपलं. हो, तुझ्या नकळत ती मला तेल पाठवते. आता झालं तुला माहीत.

अक्का


५ एप्रिल, शनिवार

शांतवन,

उद्या पहिला रविवार, प्रभुभोजनाचा. आज दुपारी कणीक मळायला बसले.

सगळी नावं घेऊन झाली. तुझं आणि त्या नऊ घरांचं नाव मी घेत नाही, चार वर्षं झाली. आज हात आपोआप उलटला आणि तोंडातून 'शांतवन' निघालं. मी थांबले. रागानं ती कणीक बाजूला सारली, दुसरं पीठ घेतलं. पुन्हा तिथंच आले आणि पुन्हा तुझंच नाव. तिसऱ्यांदा पीठ घ्यायला डब्यात हात घातला आणि स्वतःचीच लाज वाटली. दोन माणसांची कणीक वाया घालवून मी देवाची भाकर करायला निघाले होते.

म्हणून हात धुऊन हे लिहिते आहे.

ते मी ठरवलं होतं. लोंढे पाळकांनी नाही.

मंडळीची सेक्रेटरी मी होते. तू नदीत उतरलास त्याच आठवड्यात मी रजिस्टर काढलं आणि तुझ्या नावावर लाल पेनानं रेघ मारली. पंचांची सभाही झाली नव्हती. आई गेली त्या दिवशी लोंढे पाळक मला म्हणाले, "सुवार्ता, मुलगा आहे तो. दोन शब्द बोलू दे." मी म्हणाले, "नाही. त्याला आईचं पाणी चालत नाही, मग आईची मातीही नको." ते म्हातारे होते, थकले होते, माझ्याशी वाद घालायला घाबरायचे. मी बाळासो पंचांना फाटकाशी उभं केलं. तू कंपाउंडच्या बाहेर चपला हातात घेऊन उभा होतास, ते मी पाहिलं. पाहून मान फिरवली.

आणखी एक. व्हिडिओ जुलैतला आहे. मी प्रभुभोजन सोडलं फेब्रुवारीत, आईच्या मातीनंतरच्या पहिल्याच रविवारी. जन्मभर रुग्णांचे कागद तारीखवार लिहिले मी, मला तारखा कळत नाहीत असं नाही. तुझ्यावर रागावले म्हणून मी ताट सरकवत नव्हते. माझा हातच ताटाला लागत नव्हता.

आणि आता सगळंच सांगते. तुझ्या नदीतल्या बाप्तिस्म्याचं मी आईला आकांत करून सांगितलं होतं. वाटलं होतं, ती छाती पिटेल. ती म्हणाली, "पाणीच हाय न्हवं? पोरगं भिजून आलं असंल, त्येचं आंग पुसा कुणीतरी." शेवटच्या शनिवारापर्यंत ती कणकेत तुझं नाव घेत होती. तुझं आणि त्या नऊही घरांचं. मी शेजारी बसून ऐकत होते आणि तुला हे कधी कळू दिलं नाही.

आज मी भाकरी केल्या नाहीत. सोनियाला फोन केला, उद्या तू ब्रेड आण म्हटलं. तिला एवढा आनंद झाला की तिनं कारणही विचारलं नाही.

सुवार्ता


११ एप्रिल

शांतवन,

सहा दिवस झाले. उत्तर नाही.

एरवी जगात कोणाला शिंक आली तरी तुझं वचन हजर. आणि बहिणीनं आतडं बाहेर काढून पाठवलं, तर तुझी वाचा बसली? रजनीला फोन केला तर म्हणते, "आवं अक्का, पत्र वाचलं त्येंनी. तवापासनं शेडचं पत्रं ठोकत्यात. बोलत न्हाईत कुणासंगं."

पत्रे ठोकतोय! चार वर्षं गळक्या शेडमध्ये गाणी म्हणत होतास, तेव्हा नाही सुचलं.

उद्या सकाळच्या गाडीनं येते आहे. कराडला बदलून पाटणवरून. हे पत्र टपालात टाकत नाही, पिशवीतून आणते. घरात घेतलं नाहीस, तर दारात उभी राहून मोठ्यानं वाचीन. माझा आवाज तुला माहीत आहे.

अक्का


इस्लामपूर
२१ एप्रिल २०२५

चि. शांतवन यास,

सप्रेम सलाम.

काल ईस्टर झाला. तू आता गावोगाव साक्ष देत सुटणार, हे मी ओळखून आहे. आणि साक्षीत तू धरणीकंप घालणारच. तुरुंगाची दारं उघडली, डोंगर हलले, काय काय म्हणशील. म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं लिहून पाठवते. हा कागद जवळ ठेव आणि याच्यापेक्षा एक शब्द जास्त बोलू नकोस.

शनिवारी मी आले तेव्हा तू शेडवर चढलेला होतास. वरूनच म्हणालास, "आलीस व्हय? चा घे, उतरतो." आणि त्यानंतर पाऊण तास उतरला नाहीस. साठीच्या माणसाला हे शोभत नाही. रजनीनं चहा दिला, मग पुन्हा चहा दिला. शेवटी उतरलास, हातातली हातोडी तशीच, आणि पत्राबद्दल एक अक्षर न बोलता मला जेवणार का विचारलंस. मी माफी मागायला आले होते. पण तुझं तोंड बघितलं आणि पितळी भांड्यापासून सुरुवात केली. हा माझा दोष, मान्य आहे. मग तूही सोडलं नाहीस.

"सख्ख्या आयच्या मातीला तोंड उघडू दिलं न्हाईस, अक्का. परक्यावानी भाईर हुबा हुतो म्या. चपला हातात धरून. कशाला काढल्या त्या बी कळंना. भाईरच ऱ्हायचं हुतं तर!"

तेव्हाच भांडी वाजली. पहिल्यांदा मला वाटलं, तूच काहीतरी आपटलंस. मग जमीन सरकली आणि आपण सगळे अंगणात. यात काही चमत्कार नाही. कोयनेला हे नेहमीचं आहे, शेजारची बाई तर हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली आणि परत आत गेली. पण तू माझा हात धरलास. बाबा धरणाच्या कामावर होते तेव्हा सुट्टीत आपण त्यांच्याकडं जायचो आणि आई दर हादऱ्याला आपल्याला असंच बाहेर काढायची आणि प्रभूची प्रार्थना सुरू करायची. तेच झालं. कोणी सुरू केली ते मला आठवत नाही. तुझ्या शेडमध्ये तुम्ही नव्या भाषेतली म्हणता, मला ठाऊक आहे. पण त्या वेळी तू आईचीच म्हटलीस, तिच्याच शब्दांत, तिच्याच चालीत.

रोजच्या भाकरीपर्यंत आपण बरोबर होतो. पुढची ओळ क्षमेची. तिथं मीही थांबले आणि तूही थांबलास. रजनी एकटीच पुढं गेली, मग तिच्या लक्षात आलं आणि तीही गप्प झाली. जमीन केव्हाच स्थिर झाली होती. आपण दोघं अंगणात अजून हात धरून उभे.

तू म्हणालास, "आयबद्दल म्या वंगाळ बोललो. तिच्याइतकं देवाला वळखणारं मानूस म्या बगितलं न्हाई. तुज्यावरचा राग म्या तिच्यावर काढला."

मी काय म्हणाले ते लिहीत नाही. मला नीट बोलता आलं नव्हतं आणि तुला ते कळलं होतं. मग आपण ती ओळ म्हटली, आणि तिथून शेवटपर्यंत. तू आमेन फार लांबवलंस. असो.

चार वर्षं मला वाटत होतं, तू माझ्या देवळात परत आलास की समेट. तुला वाटत होतं, मी नदीत उतरले की समेट. दोघांनाही एकमेकाला ओढून आपल्या बाजूला न्यायचं होतं. त्या अंगणात कोणीच कोणाच्या बाजूला गेलं नाही. दोघंही एकाच बापाशी बोलत होतो, म्हणून शेजारी होतो. एवढंच मला कळलं, आणि हे कळायला गुडघे जायची वेळ आली.

आता गुरुवारचं. येतोस तर कळवून यायची पद्धत असते! निघताना मी बोलावलं होतं खरं, पण धरून चालले होते की तू, रजनी, पायल. तू टेम्पो भरून अकरा जणं घेऊन आलास. आणि गात आलात. दुःखसहनाच्या आठवड्यात टाळ्या वाजवत! बाळासो पंचांनी तुम्हाला दारातच अडवलं, ते अगदीच चूक नव्हतं. "ह्येंची नावं रजिस्टरात न्हाईत, पाळकसाहेब," ते म्हणाले. सगळं देऊळ मागं वळून बघायला लागलं.

सकाळी भाकर देताना मी ज्याला आईच्या कणकेचं सांगितलं होतं, ते पोरगं पाळक शांतपणे म्हणालं, "कणकेत आहेत का, ते अक्कांना विचारा."

मी मागच्या बाकावरून उठले. चार वर्षांपूर्वी ज्या माणसाला मी फाटकाशी उभं केलं होतं, त्यालाच मी म्हणाले, "हायत, बाळासो. शांतवनचं हाय. नऊ घरांचं हाय. सकाळीच घेतल्यात. सोडा त्येंना आत."

ते बाजूला झाले. तू आत आलास आणि माझ्या शेजारी बसलास. बाक करकरला, तू जाड झाला आहेस.

भाकर अर्थातच कमी पडली. पाळकांनी तुकड्यांचे तुकडे केले, शेवटी शेवटी तर डाळीच्या दाण्याएवढे. ताट तुझ्या हातून माझ्याकडं आलं तेव्हा त्यात एक चुरा उरला होता. तो मी खाल्ला. चार वर्षांनी. मीठ नाही, तेल नाही. तुझ्याकडं बघितलं नाही, कारण तू रडत होतास आणि मला हसू किंवा दुसरं काहीतरी फुटलं असतं.

रजिस्टराचंही उरकलं. लाल रेघ खोडता येत नाही, म्हणून पाळकांनी खाली पुन्हा लिहायला सांगितलं, 'कोयनानगर मंडळीतले आपले बंधू' म्हणून. एका माणसाचं नाव दोनदा आलं आहे. तुझा बाप्तिस्माही दोनदा झालाच आहे, तेव्हा हेही चालून जाईल. सोनियाला मी शनिवारी दुपारी मळायला शिकवायला बोलावलं आहे. ती फोन बाजूला ठेवेल तर शिकेल.

ब्लॉक काढला आहे. गुलाब एकच, तोही रविवारी.

आता कामाचं. त्या अकरा जणांतले चार मला नवे होते. त्या चौकडीच्या शर्टातल्या म्हाताऱ्याचं नाव काय? आणि ती गरोदर मुलगी, जिनं घास हातात घेऊन केवढा तरी वेळ डोळे मिटले होते, ती कोण? त्यांची नावं न घेता त्यांनी माझी भाकर खाल्ली, हे माझ्या मनाला लागून राहिलं आहे. ४ मेला पहिला रविवार आहे. त्याच्या आत तुझ्या शेडमधल्या सगळ्यांची नावं मला पाठव, एकही न गाळता. फोनवर नको, कागदावर पाठव. आणि अक्षर मोठं काढ, कणकेच्या हातानं मला चष्मा लावता येत नाही.

तुझी अक्का